एक टक्का म्हणजे बहात्तर हजार

२०२४ च्या गुढीपाडव्याला, ९ एप्रिलच्या दुपारी, भाच्याचा फोन आला. "मामा, फ्लॅट फायनल केला. दोन लाख टोकन देऊन टाकलं." मागे ताट-वाट्यांचा आवाज येत होता, ताई कुणाला तरी श्रीखंडाचा आग्रह करत होती. मी अभिनंदन केलं आणि सवयीने विचारलं, "विसार पावतीत काय लिहिलंय?" तर म्हणे, "एजंटनेच लिहिली. एकच पान आहे." मी बँकेच्या कर्ज विभागात हयात घालवलेला माणूस. विसार पावती, म्हणजे टोकनच्या अटींचा कागद, एकच पानाची आहे म्हटल्यावर माझं श्रीखंड तिथेच संपलं.

फ्लॅट पुण्यात सिंहगड रोडला, माणिकबागेच्या आतल्या बाजूला. चौथा मजला, लिफ्ट आहे, सहाशे वीस चौरस फूट कार्पेट, इमारत पंचवीस वर्षांची. विकणारं जोडपं निवृत्त, मुलाकडे राहायला गेलेलं, चार वर्षं फ्लॅट भाड्याने दिलेला. किंमत ७२ लाख. त्याआधी भाच्याने आणि त्याच्या बायकोने धायरीकडे बांधकाम चालू असलेला एक फ्लॅट पाहिला होता, ६८ लाखांचा. पण बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३ लाख ४० हजार. जुन्या घराच्या पुनर्विक्रीवर जीएसटी नाही. शिवाय ताबा लगेच, भाडं वाचणार. इथपर्यंत त्यांचं गणित बरोबर होतं.

पुढचं गणित त्याने मला फोनवर सांगितलं ते असं: बँक ऐंशी टक्के देते, म्हणजे ५७ लाख ६० हजार. राहिले १४ लाख ४० हजार. हाताशी १६ लाख आहेत. त्यात सात त्याचे, चार बायकोच्या ठेवीचे, पाच ताईने दिलेले. "म्हणजे दीड लाख उरतायत, मामा. त्यात रंगकाम होईल."

"आणि स्टँप ड्यूटी?"

"ती लोनमध्येच धरतात ना?"

नाही धरत. हा गैरसमज मी नोकरीत इतक्यांदा ऐकलाय की पूर्वी टेबलावर पाटी लावावी असं वाटायचं. घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज द्यायचं याची मर्यादा रिझर्व्ह बँकेने घातलेली आहे. कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर ९० टक्के, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, त्याच्याही वर ७५ टक्के. ही टक्केवारी काढताना मुद्रांक शुल्क (म्हणजेच स्टँप ड्यूटी), नोंदणी, कागदपत्रांचा खर्च घराच्या किमतीत धरायचा नसतो. अपवाद फक्त दहा लाखांपर्यंतच्या घराचा. दहा लाखांत सिंहगड रोडला आता पार्किंग मिळालं तरी नशीब.

रविवारी दोघं घरी आले. मी त्यांना एक वही दिली आणि सांगितलं, टक्के विसरा. या व्यवहारात एक टक्का म्हणजे बहात्तर हजार. कुणी "एक टक्का हो, फार नाही" म्हटलं की वहीत बहात्तर हजार लिहायचे, आणि शेजारी लिहायचं की ते कुणाला द्यायचे आणि कोणत्या तारखेला. या तिसऱ्या रकान्यानेच पुढे आमची झोप उडवली.

पुणे महापालिकेच्या हद्दीत खरेदीवर मुद्रांक शुल्क सात टक्के पडतं. मूळ शुल्क पाच टक्के, त्यावर एक टक्का स्थानिक संस्था कर आणि एक टक्का मेट्रोचा अधिभार. मुंबईत स्थानिक संस्था कराचा टक्का नाही, म्हणून तिथे सहा. सिंहगड रोडला तेव्हा मेट्रोचा खांबही नव्हता, उड्डाणपुलाच्या कामाने वाहतुकीचा चुथडा झालेला होता. पण अधिभार शहरभर लागतो, तुमच्या दारात स्टेशन आहे का हे कुणी विचारत नाही. करोनाच्या काळात, १ एप्रिल २०२० पासून दोन वर्षं तो माफ होता. त्याच काळात, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये, राज्याने शुल्क तीन टक्क्यांनी आणि पुढचे तीन महिने दोन टक्क्यांनी कमी केलं होतं. तेव्हा भाचा म्हणत होता, भाव अजून पडतील, थांबू. ते मी त्याला आठवून दिलं नाही. ताईने दिलं.

सात टक्के म्हणजे सात बहात्तर, ५ लाख ४ हजार. त्यावर नोंदणी शुल्क एक टक्का, पण त्याला ३० हजारांची कमाल मर्यादा आहे. सगळ्या यादीत एवढी एकच ओळ अशी, जिथे टक्क्याला वेसण घातलेली आहे.

शुल्क कशावर, हाही प्रश्न असतो. कराराची किंमत आणि सरकारी मूल्यांकन यांतलं जे जास्त असेल त्यावर. सरकारी मूल्यांकन वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यांवरून निघतं, ज्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात. २०२२ मध्ये वाढलेले दर पुढची दोन वर्षं तसेच ठेवले होते. इमारत जुनी असल्यामुळे घसारा मिळून मूल्यांकन साधारण ६३ लाख आलं. करार ७२ चा, म्हणून शुल्क ७२ वरच. भाच्याला क्षणभर वाटलं, ६३ वर भरता येईल. एजंटनेही त्याच्या कानात तसंच काही घातलं होतं, ते पुढे येईलच.

आता सवलतीची गोष्ट. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात निवासी घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सूट आहे. सुरुवातीला अट होती की पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. २०२३ मध्ये ती अट काढली. पण "फक्त स्त्रीच्या" हे शब्द नीट वाचायचे. नवरा-बायको दोघांची नावं घातली की सवलत गेली, अर्ध्या हिश्शाची अर्धी सवलत वगैरे काही नसतं. म्हणजे घर एकट्या भाचेसुनेच्या नावावर घेतलं तर बहात्तर हजार वाचणार होते.

ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला. "पाच लाख माझे, सात माझ्या मुलाचे, आणि नाव हिचं?" सून समोर बसलेली. ती शांतपणे म्हणाली, "आई, माझेही चार आहेत. आणि हप्ता दोघं भरणार आहोत." मग माझ्याकडे वळून, "मामा, तुम्ही काय म्हणता?"

मी जे म्हणालो ते सांगतो, कारण याबद्दल अजूनही माझं मत बदललेलं नाही. बहात्तर हजारांसाठी मालकी ठरवू नये. घर कुणाचं हा प्रश्न आयुष्याचा, सूट एका दिवसाची. शिवाय प्राप्तिकराचं गणित उलटंही पडू शकतं. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, पण ज्याचं नाव मालकीत आहे त्यालाच. दोघं मालक असतील तर दोघांना मिळते. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला ती वर्षाला ६२ हजार ४०० रुपयांची पडते. बहात्तर हजार एकदा वाचवून ती दरवर्षी घालवणारे लोक मी पाहिलेत. इथे मात्र दोघंही नव्या करप्रणालीत होते, आणि तिथे राहत्या घराच्या व्याजाची वजावटच नाही. तेवढा माझा मुद्दा बाद झाला.

भाचा म्हणाला, "नंतर माझं नाव लावू की बक्षीसपत्राने. नवरा-बायकोत तर दोनशे रुपयांत होतं." हेही अर्धंच खरं. राहत्या घराच्या अशा बक्षीसपत्राला मूळ शुल्क २०० रुपये आहे, पण स्थानिक कराचा आणि मेट्रोचा असे दोन टक्के त्यातही सुटत नाहीत. अर्धा हिस्सा द्यायचा म्हटलं तरी ६३ लाखांच्या निम्म्यावर दोन टक्के, म्हणजे ६३ हजार. वर घर तारण असताना बँकेची संमती हवी. वाचवलेले पैसे दुसऱ्या दाराने बाहेर.

त्या रविवारी निर्णय झाला नाही. तो पुढे पैशाच्या टंचाईनेच घेतला.

मे महिन्यात बँकेचा मूल्यांकनकार घर बघून गेला. अक्षय तृतीयेला, १० मे रोजी, नोंदणी करायची असं ताईने ठरवलेलं. ७ तारखेला बँकेतून फोन आला: मूल्यांकन ६८ लाख. बँक करारातली किंमत आणि आपलं मूल्यांकन यांतल्या कमी आकड्यावर ऐंशी टक्के देते. ५७ लाख ६० हजारांचे झाले ५४ लाख ४० हजार. एका फोनमध्ये ३ लाख २० हजारांचा खड्डा.

इथे ते एक पान आठवा. "कर्ज ठरलेल्या रकमेइतकं मंजूर न झाल्यास विसार रक्कम परत", ही एक ओळ त्यात असती तर आमच्या हातात काहीतरी असतं. त्याऐवजी लिहिलेलं होतं की खरेदीदाराने व्यवहार मोडल्यास विसार जप्त. दोन लाख सोडायचे की तीन लाख वीस हजार उभे करायचे? भाच्याने विकणाऱ्यांना किंमत कमी करण्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, बाजारभाव बघा, आम्हाला ७५ ला गिऱ्हाईक होतं. असेलही. अक्षय तृतीया गेली.

याच वेळी एजंटने तो कानातला तोडगा मोठ्याने सांगितला. करार ६५ लाखांचा करा, सात लाख रोख. शुल्क कमी पडेल, त्यांचाही कर वाचेल. भाच्याच्या वहीत मी तिथल्या तिथे हिशोब मांडला. सात लाखांवर सात टक्क्यांनी वाचणार ४९ हजार. पण ६५ वर कर्ज मिळणार ५२ लाख, म्हणजे आहे त्याहून २ लाख ४० हजार कमी. आणि सात लाख रोख आणायचे कुठून? स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं प्राप्तिकर कायद्यात निषिद्ध आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा. ४९ हजारांसाठी. एजंट म्हणाला, "साहेब, सगळे करतात." मी म्हटलं, करोत.

वहीची बेरीज आता अशी दिसत होती. स्वतःचा हिस्सा १७ लाख ६० हजार. मुद्रांक शुल्क, दोघांच्या नावाने ५ लाख ४ हजार किंवा एकटीच्या नावाने ४ लाख ३२ हजार. नोंदणी ३० हजार. एजंटची दलाली एक टक्का मागितलेली, पुन्हा बहात्तर हजारच, ती घासाघीस करून साठवर आणली. वकिलाचे बारा हजार, त्यात करारनाम्याचा मसुदा आणि डेटा एन्ट्री आली. बँकेची प्रोसेसिंग फी जीएसटी धरून ११ हजार ८००, कागदपत्रांचा शोध आणि मूल्यांकन ७ हजार. कर्जाच्या तारणाची नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे घर तारण ठेवल्याची निबंधक कार्यालयाला सूचना, तीस दिवसांत दाखल करावी लागते, तिच्यावर कर्जाच्या ०.३ टक्के मुद्रांक. फाइलिंग धरून साडेसतरा हजारांच्या थोडं वर. हा खर्च कुणी आधी सांगत नाही. बँकेच्या माहितीपत्रकात तो "लागू शुल्के" या दोन शब्दांत मावलेला असतो. सोसायटीचं वेगळंच.

एकटीच्या नावाने धरलं तरी, सोसायटीचं आणि किरकोळ मिळून, वरखर्च पाच लाख पंच्याऐंशी हजारांच्या पुढे. हिस्सा मिळवून साडेतेवीस लाखांना थोडे कमी. हाताशी १६. कमी पडत होते साडेसात लाख. दोघांच्या नावाने घेतलं असतं तर सव्वाआठ. तो जास्तीचा बहात्तर हजार आणायला जागाच उरली नव्हती. तेव्हा ताईच म्हणाली, "अरे, लाव हिचंच नाव. मोडायचं का घर त्यावरून?" भाचेसुनेने त्याच आठवड्यात मृत्युपत्राचं बोलणं काढलं, तिने स्वतःहून. मी अजूनही म्हणतो की हा निर्णय या कारणासाठी व्हायला नको होता. पण झाला.

साडेसात लाख असे जमले: अडीअडचणीसाठी ठेवलेली अडीच लाखांची ठेव मोडली, दीड लाख मी दिले, बँकेतून, लेखी, बिनव्याजी. उरलेले साडेतीन भाचेसुनेच्या प्रॉव्हिडंट फंडातून, घरखरेदीसाठी काढता येतात ते. फंडाचे पैसे मिळणार हे नक्की होतं. कधी, हे नक्की नव्हतं.

आणि वहीतला तिसरा रकाना तारखा दाखवत होता. महाराष्ट्रात पूर्ण मुद्रांक शुल्क करारनाम्यालाच भरावं लागतं. ताबा देण्याची अट असलेला करार कायद्याच्या दृष्टीने हस्तांतरणच धरला जातो, मग नंतरचं खरेदीखत तेव्हा १०० रुपयांच्या मुद्रांकावर होतं. बँक मात्र नोंदलेला करारनामा, इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा सरकारी उतारा, आणि आपल्या हिश्शाची पूर्ण रक्कम दिल्याची पावती पाहिल्याशिवाय एक रुपया सोडत नाही. म्हणजे तुमचे सगळे पैसे आधी, बँकेचे शेवटी. मी विकणाऱ्यांना सुचवून पाहिलं की लाखभर ताब्याच्या वेळी घ्या. ते तयारही झाले, पण बँक नाही म्हणाली. तिच्या जागी मी असतो तरी नाहीच म्हणालो असतो.

फंडाचा अर्ज २२ मेला गेला. जून उजाडला तरी पैसे नाहीत. शेवटी सासू-सुनेनं मिळून सात-साडेसात तोळे सोनं काढलं, पाटल्या आणि दोन गोफ, आणि साडेतीन लाखांचं सोनेतारण कर्ज घेतलं. ताई मला फोनवर म्हणाली, "पाटल्या वाजत नाहीत तर हात हलके वाटतात." तक्रार नव्हती.

मधल्या काळात टीडीएसवरून वाद. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची खरेदी करणाऱ्याने विकणाऱ्याला द्यायच्या पैशांतून एक टक्का कापून सरकारकडे भरायचा असतो. तोही बहात्तर हजारच. हा वेगळा खर्च नाही, विकणाऱ्याच्याच पैशांतला त्याचा आगाऊ कर आहे, हे भाच्याला पटवायला अर्धा तास गेला. विकणाऱ्यांना तर पटेचना. त्यांचा कर सल्लागार म्हणाला, मालक दोन आहेत, प्रत्येकाचा हिस्सा ३६ लाख, ५० च्या आत, कपात नको. असा युक्तिवाद तेव्हा बरेच जण करायचे. मी भाच्याला सांगितलं, कापायची राहिली तर नोटीस तुम्हाला येणार, त्यांना नाही. कापली तर त्यांना ती विवरणपत्रात परत मागता येते. कपात केली. विक्रेते दोन म्हणून ही कपात भरायचे २६क्यूबी फॉर्म दोन, प्रत्येकी ३६ हजारांचा. त्याआधी दोघांचे पॅन आधारला जोडलेले आहेत ना, ते तपासलं. जोडलेले नसते तर कपात एक नव्हे, वीस टक्क्यांनी करावी लागली असती.

पाडव्याच्या टोकनवर कापायचे दोन हजार अर्थातच कापलेले नव्हते. उशिराचं व्याज महिन्याला एक टक्का, तीन महिन्यांचे साठ रुपये. ते नशीब. फॉर्म भरायलाच उशीर झाला असता तर दिवसाला दोनशे रुपये लागतात, कपातीच्या रकमेएवढे होईपर्यंत.

१२ जून, बुधवार. दुय्यम निबंधकाच्या हवेली तालुक्याच्या एका कार्यालयात साडेअकराची वेळ घेतलेली. जिन्यात माणसं, दाराशी झेरॉक्सवाला, बाकावर फायली पोटाशी धरून बसलेली जोडपी. मुद्रांक शुल्काचं चलन ग्रास या सरकारी प्रणालीवरून ऑनलाइन भरायचं. आदल्या रात्री वकिलाच्या कारकुनाने चलनाचा मसुदा पाठवला, तर त्यात पैसे भरणाऱ्याचं नाव भाच्याचं. पैसे त्याच्या खात्यातून जाणार होते म्हणून त्या मुलाने सरळ त्याचं नाव टाकलेलं. भाचेसुनेने ते पाहिलं, रात्री साडेदहाला. सवलत एका बाईच्या नावाची आणि चलन पुरुषाच्या नावाने, यावर दुसऱ्या दिवशी खिडकीत काय झालं असतं ते मला ठाऊक आहे: "दुरुस्त करून या, उद्या." चलन पुन्हा काढलं.

आत गेल्यावर काम दहा मिनिटांचं. डेटा एन्ट्रीचा क्रमांक टाकला की सगळा व्यवहार पडद्यावर येतो. कॅमेऱ्यासमोर बसायचं, फोटो. काचेवर अंगठा. विकणाऱ्या आजींचा अंगठा चार वेळा लागेना, कारकून म्हणाला, "आजी, भांडी घासून रेषा गेल्या." त्या हसल्या आणि पदराला हात पुसून पुन्हा ठेवला. मग ओळख पटवायला आलेले दोघे, त्यांचेही फोटो-अंगठे. विकणारे म्हणाले पैसे पोचले, घेणारी म्हणाली मान्य. मग गोषवारा भाग एक आणि दोन छापून आले, ते दस्ताला जोडले, प्रत्येक पानावर दस्त क्रमांक आणि पान क्रमांकाचा शिक्का. ९४ पानं. दस्त हाताळणीचे तेव्हा पानाला वीस रुपये, १ हजार ८८० झाले. बाहेर आल्यावर भाच्याने चहा सांगितला आणि मोबाइलवर खात्याची शिल्लक मला दाखवली. चार हजार दोनशे काहीतरी.

सोसायटीचं राहिलंच. त्यांच्या सेक्रेटरींनी हस्तांतरणासाठी "विकास निधी" म्हणून एक लाख मागितले. सभेत ठराव झालाय म्हणे. सहकार खात्याच्या ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकाने महापालिका हद्दीतल्या गृहनिर्माण संस्थेला हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५ हजार घेता येतं. वर हस्तांतरण फी ५००, प्रवेश फी १००. ऐच्छिक देणगी ऐच्छिक असते, ठरावाने सक्तीची होत नाही. मी परिपत्रकाची प्रत नेली होती. सेक्रेटरींनी ती न वाचताच खाली ठेवली आणि म्हणाले, "तुम्हाला इथे राहायचंय ना?" मी म्हटलं मला नाही, भाच्याला राहायचंय, आणि त्याला पावती हवी आहे, जिच्यावर एक लाख कशाचे ते लिहिलेलं असेल. पावतीचं नाव काढल्यावर आकडा २५ हजारांवर आला. विकणाऱ्यांनी निम्मे दिले.

फंडाचे पैसे १८ जूनला जमा झाले, नोंदणीनंतर सहाव्या दिवशी. २४ ला सोनं सुटलं. २८ जूनला खरेदीखत, त्याच टेबलावर बँकेचा धनादेश विकणाऱ्यांच्या हातात आणि किल्ल्या भाचेसुनेच्या. मग महावितरणचं मीटर नावावर, आणि महापालिकेत मिळकतकराचं नाव बदलणं. घर भाड्याने दिलेलं असल्यामुळे बिलात राहत्या घराची ४० टक्के सवलत नव्हती. ती पीटी-३ अर्ज भरून मागावी लागते. भाचा म्हणाला, "मामा, आता टक्के ऐकवत नाहीत." पण भरला.

२३ जुलैला केंद्राचा अर्थसंकल्प आला. त्यात एक छोटी दुरुस्ती होती: विक्रेते किंवा खरेदीदार एकापेक्षा जास्त असले तरी ५० लाखांची मर्यादा एकूण किमतीला लावायची, १ ऑक्टोबरपासून. संध्याकाळी विकणाऱ्या काकांचा फोन आला. त्यांनी त्या दुरुस्तीचं नावही काढलं नाही. म्हणाले, "तो फॉर्म सोळा-बी पाठवता का? दोन्ही पाठवा, हिचाही." कर कापल्याचे ते दोन्ही दाखले त्याच रात्री पाठवले.

माझे दीड लाख दिवाळीला येणार होते. पुढच्या गुढीपाडव्याला आले.